पाखाडी, चाळ, कॉलनी : मुंबईच्या वस्त्यांची कहाणी

मुंबईतल्या जुन्या माणसाला "आपण कुठले?" असे विचारले, तर "मुंबईचा" असे उत्तर तो सहसा देत नाही. "मी गिरगावचा", "आम्ही लालबागचे", "आमचं घर माझगावात, माथारपाखाडीला", अशीच उत्तरे येतात. सरकारदरबारी शहर एक असते, नकाशावर त्याची सीमारेषाही एकच असते. माणूस मात्र वस्तीत राहतो. त्याचे बोलणे, त्याचे सण, त्याची भांडणे आणि त्याच्या सोयरिकी वस्तीत घडतात. म्हणून शहराचा इतिहास लिहिताना गव्हर्नर, गिरण्या आणि गोद्या यांच्याइतकाच वस्त्यांचाही विचार व्हायला हवा.

मुंबईच्या वस्त्यांची नावे सावकाश वाचली, तर एखाद्या बागेची यादी वाचत आहोत असे वाटते. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, उमरखाडी, भेंडीबाजार, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. झाडे गेली, नावे उरली. या नावांमागे सात बेटांचा, खाजणांचा, माडांच्या बागांचा आणि भातशेतीचा प्रदेश उभा आहे. तेथे वस्ती कशी झाली, वस्तीचे रूप कसकसे पालटले, आणि प्रत्येक पालटात काय हाती लागले व काय निसटले, हे येथे थोडक्यात पाहायचे आहे.

त्यासाठी एक साधी खूण मनाशी धरू. कोणत्याही वस्तीचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर तिच्यातील घरे मोजण्याआधी त्या घरांच्या मधोमध काय आहे ते पाहावे. कुठे क्रूस असतो, कुठे विहीर, कुठे नळ, कुठे लांबलचक गॅलरी, कुठे मैदान. ही जागा कोणा एकाच्या मालकीची वाटत नाही, पण तिच्यावर हक्क मात्र सर्वांचा असतो. वस्ती जगते ती या मधल्या जागेत.

पाखाडी

पाखाडी या शब्दाचा कोकणातील मूळ अर्थ दगडांनी बांधून काढलेली, पायऱ्यापायऱ्यांची वाट. मुंबई, साष्टी आणि वसई येथील ख्रिस्ती मंडळींनी त्या वाटेच्या दोहो बाजूंच्या घरांनाही तेच नाव दिले. वाटेवरून वस्तीचे नाव पडले, आणि ते योग्यच झाले, कारण पाखाडीत वाट हीच सर्वांची ओसरी होती.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यानंतरच्या शतकात या किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, कुणबी अशा अनेक कुळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, तरी भाताचे खाचर, माडाचे झाड आणि होडी बदलली नाही. मराठी बोलीही बदलली नाही. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३९ मध्ये ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तिचा ताबा घेतला. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीमची खाडी ही दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडचा माणूस एका राजाचा, पलीकडचा दुसऱ्याचा. पण माहीमच्या आणि वांद्र्याच्या घरांत बोली तीच होती, आणि लग्नाच्या गाण्यांतही फारसा फरक नव्हता. १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बांध पुरा झाला, तेव्हा कुठे ही दोन तीरे पायवाटेने जोडली गेली.

वांद्र्याच्या रनवार, चुईम, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी या वस्त्या आणि माझगावची माथारपाखाडी या त्या जुन्या जगाच्या खुणा होत. कौलारू छप्पर, पुढे लाकडी कठड्याची ओसरी आणि माडीवर जाण्यासाठी घराच्या बाहेरून चढणारा जिना अशी त्या घरांची ठेवण. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या ओसऱ्यांवर बसून दोन शेजारणींनी तांदूळ निवडता निवडता गप्पा माराव्यात. गल्ली जिथे जरा रुंद होते, तिथे क्रूस. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी तिथे जपमाळ व्हायची. सणाला तोच क्रूस फुलांनी मढायचा. क्रुसाच्या जवळपास विहीर असे. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणण्याची जी चाल आपल्याकडे आहे, ती या विहिरीशी बांधलेली होती. नवरा-नवरीला न्हाऊ घालण्याचे पाणी घरातल्या नळाचे नव्हे, गावाच्या विहिरीचे असावे, यात केवढा अर्थ आहे! लग्न दोन घरांचे असले, तरी पाणी साऱ्या वस्तीचे.

या वस्त्यांतील लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. रोजगारासाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे, येथलेच भूमिपुत्र आहोत, हे सरकारला सांगण्याची ती धडपड होती. नाव इंग्रजी, सांगणे मात्र असे की आम्ही या मातीचे. या विसंगतीत त्या समाजाची पुढची सारी कहाणी सामावली आहे. नोकरीची भाषा हळूहळू घरची भाषा झाली, आणि पाखाडीतली मराठी आजीच्या ओठांवर तेवढी उरली.

तरीही पाखाडी ही जगापासून तुटलेली वस्ती नव्हती. माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले, लोकमान्य टिळकांचे वकील आणि निकटचे सहकारी झाले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते, आणि १९२५-२६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. गिरणी कामगारांत आणि शहरभर ते 'काका' म्हणून ओळखले जात. वस्तीतले नाते शहराने उचलले, असे हे उदाहरण. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

वाडी आणि कूड

फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि दाटीवाटीने बांधलेली शेकडो घरे जळाली. त्यानंतर वस्ती कोटाबाहेर, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या दिशेने झपाट्याने पसरली. तेथे माडांच्या बागा होत्या. पोर्तुगीज 'होर्ता' या शब्दावरून इंग्रजी कागदपत्रांत या बागांना 'ओर्त' म्हटले जाई, आपल्या लोकांच्या तोंडी त्या वाड्याच होत्या. एकेका वाडीचा मालक जमिनीचे तुकडे पाडी आणि भाड्याने किंवा विकत देई. गिरगावची खोताची वाडी अशीच, खोत आडनावाच्या पाठारे प्रभू मालकाच्या नावाने ओळखली जाते. त्याच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी तेथे घरे बांधली. पलीकडच्या वाड्यांत ब्राह्मण, पाठारे प्रभू आणि सोनार. एका बाजूने संत तेरेसाच्या चर्चची घंटा, दुसऱ्या बाजूने गणपतीची आरती. गिरगावात या दोन आवाजांची एकमेकांना सवय होती.

१९९५ मध्ये मुंबईच्या वारसा वास्तूंसाठी नियमावली आली, आणि खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांचे मोल सरकारी कागदावर चढले. पण कागदाने वासे-तुळया सांभाळल्या जात नाहीत. साठाहून अधिक घरांच्या त्या वाडीत आज निम्मी घरेही उरलेली नाहीत.

येथून थोड्याच अंतरावर, धोबीतलाव आणि कावेल परिसरात, एक निराळीच वस्ती होती, आणि तिच्या काही खुणा आजही आहेत. ती म्हणजे गोवेकरांचे कूड. कूड म्हणजे खोली. गोव्यातील एकेका गावच्या लोकांनी मिळून मुंबईत एखादी मोठी खोली किंवा मजला घ्यायचा, त्याला गावाचे नाव द्यायचे आणि गावच्या माणसाला अल्प शुल्कात तेथे उतरू द्यायचे. बोटीवर खलाशी, आचारी, वाजंत्री म्हणून कामाला जाणारे किती तरी तरुण बोटीची वाट पाहत कुडांत राहिले. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, जमिनीवर चटया, आणि समोर गावच्या संताची मूर्ती असलेली वेदी. संध्याकाळची जपमाळ हा कुडाचा कडक नियम होता. तिथे घर नव्हते, बायकामुले नव्हती, स्वतःचा म्हणावा असा कोपराही नव्हता. पण मधोमध वेदी होती, म्हणून ती धर्मशाळा न होता गाव झाली. आपली रंगभूमी पाहणाऱ्यांना हेही ठाऊक असेल, की कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली गोव्यात नव्हे, मुंबईत झाला. परक्या शहरात एकत्र राहिलेल्या माणसांनाच आपल्या भाषेची तहान अधिक लागते.

प्लेग आणि चाळ

१८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीत सूत निघू लागले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत चिमण्यांचे रान उभे राहिले. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांच्यासाठी मालकांनी चाळी बांधल्या. चाळ म्हणजे ओळीने खोल्या, पुढे सलग गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. एका खोलीत एक कुटुंब, पुष्कळदा त्याच खोलीत गावाकडचे पाच-सहा पुरुष पाळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका रुग्णाचा आजार ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, हे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. मूळ गोव्याच्या या ख्रिस्ती डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा अनेकांनी आधी विश्वास ठेवला नाही. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता आली. घरात शिरून रुग्ण उचलून नेणे, घरातील सामान जाळणे, छपराची कौले काढून ऊन आत घेणे, असे उपाय झाले. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या जवळपास होती. १९०१ मध्ये ती पावणेआठ लाखांवर उतरली. मुंबई वाढण्याऐवजी घटली, असे ते दशक होते. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आजही धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. समोरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

या साथीने मुंबईच्या वस्त्यांवर दोन खुणा ठेवल्या. पहिली खूण आपल्या ओळखीची आहे. गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांतील पुष्कळ क्रुसांवर त्या वर्षांचे साल कोरलेले आढळते. कोणी रक्षणाचा धावा म्हणून ते उभारले, कोणी वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी. क्रुसाच्या चबुतऱ्यावरची ती अक्षरे म्हणजे वस्तीने स्वतःच्या हाताने लिहिलेला इतिहास होय. दुसरी खूण सरकारने ठेवली. १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. कोंदट गल्ल्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत घेणारे रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टचेच. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे पाडली, तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्याच गल्लीत जाऊन दाटली, आणि एका गल्लीतला कोंडमारा दुसऱ्या गल्लीत गेला.

विहिरींचेही तेच झाले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला आणि डासांची पैदास शहरातील विहिरींत होते, हे दाखवले. त्यानंतर विहिरी झाकण्याचे वा बुजवण्याचे हुकूम निघू लागले. लोकांनी, विशेषतः पारशी समाजाने, विहीर ही आमच्या धर्माचरणाची जागा आहे म्हणून विरोध केला. अहवाल चूक नव्हता. हिवतापाने माणसे खरोखरच मरत होती. पण नळ घराघरांत आला आणि विहिरीवर भेटण्याचे कारण संपले, हेही तितकेच खरे. शहराच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, की आरोग्यासाठी जे करावे लागते, त्यानेच शेजार विरळ होतो.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक त्या चाळींना 'बीडीडी' म्हणू लागले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कामगार तेथे जायला राजी नव्हते, कारण खोल्या अंधाऱ्या होत्या आणि गिरणी व बाजार दूर. पण पुढच्या पिढ्यांनी त्या सिमेंटच्या पेट्यांत जीव ओतला. १९३१ च्या खानेसुमारीनुसार मुंबईतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. म्हणजे शहराचे बहुसंख्य जीवन घरात मावत नव्हते, ते गॅलरीत सांडत होते. पापड तिथेच वाळत, मुले तिथेच अभ्यास करीत, म्हातारी माणसे तिथेच वारा खात. नाताळचा तारा, दिवाळीचा आकाशकंदील आणि ईदची रोषणाई एकाच कठड्याला टांगलेली पाहिलेली माणसे आजही आहेत.

चाळीचे गोडवे गाताना मात्र हात आखडता घ्यायला हवा. गॅलरी सलग असली, तरी ती सर्वांना सारखीच खुली नव्हती. नळावर विटाळ होता, आणि खोली देताना जात विचारली जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन छोट्या खोल्यांत वीसएक वर्षे राहिले. परदेशांतून पदव्या घेऊन आलेला हा पंडित त्या चाळीतच परतला, तिथेच रात्र रात्र वाचीत बसला. १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' या स्वतःच्या वास्तूत गेले. पुस्तकांसाठी बांधलेले ते घर होते. परळ ते दादर हे अंतर फार नाही, परंतु चाळीतून कॉलनीत जाणे म्हणजे एका मुंबईतून दुसऱ्या मुंबईत जाणे होते.

कॉलनी

ही दुसरी मुंबई कशी घडली? प्लेगनंतर ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव रस्त्यांच्या योजना हाती घेतल्या. मंचेरजी जोशी या ट्रस्टमधील पारशी इंजिनिअरने मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांसाठी तेथे भूखंड राखून घेतले. त्यातून दादरची पारशी कॉलनी झाली, आणि तिच्या शेजारी हिंदू कॉलनी. पश्चिमेला १९२५ च्या सुमारास माहीम पार्क झाले. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या वर्षी, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. तेथे वस्तीच्या मधोमध मैदान आले, आणि त्या मैदानाने दादरकरांना क्रिकेट, व्यायाम, सभा आणि संध्याकाळचा फेरफटका दिला.

याच सुमारास आणखी एक नवी गोष्ट घडली. ती म्हणजे सहकार. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. घरमालकापुढे हात न पसरता, दहा-वीस कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. आपल्या समाजानेही ती लगेच उचलली. १९१८ मध्ये 'साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' निघाली आणि वांद्र्याच्या शेतजमिनीवर बंगल्यांची वसाहत आकाराला आली. सांताक्रूझला विलिंग्डन कॅथॉलिक सोसायटी झाली. कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकरदार अशा माणसांनी हप्त्याहप्त्याने घरे बांधली. पुढे बाग, मागे आंब्याचे झाड, फाटकावर संताचे नाव. आजही वांद्र्याच्या आडवाटांवरून फिरताना अशी एखादी वास्तू दिसली की पाय थबकतात.

कॉलनीने माणसाला ऊन, वारा, स्वच्छता आणि स्वाभिमान दिला. हे ऋण मोठे आहे. परंतु कॉलनीला भिंतही होती. सारस्वतांची, पारशांची, कॅथॉलिकांची अशी एकेका समाजाची वसाहत झाली. सभासद कोणी व्हावे, घर कोणाला विकावे, याचे नियम झाले. गिरगावच्या वाडीत घंटा आणि आरती एकमेकींच्या कानावर पडत होत्या, कॉलनीत आपापल्या घंटेपुरते राहण्याची सोय झाली. आपल्या समाजाला सुरक्षित वाटावे, यात गैर काही नाही. पण आपल्याच माणसांत राहता राहता शेजारी या शब्दाचा अर्थ आकुंचत तर जात नाही ना, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. "माझा शेजारी कोण?" हा प्रश्न शुभवर्तमानात एका शास्त्र्याने विचारला होता, आणि त्याला मिळालेल्या उत्तरातला शेजारी त्याच्या कॉलनीतला नव्हता.

टॉवर

स्वातंत्र्यानंतरची कहाणी वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि चाळी खचत गेल्या. १९५० मध्ये वांद्रे-अंधेरीची उपनगरे आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. भातखाचरांवर इमारती झाल्या, आणि गावठाणे त्यांच्या मध्ये बेटांसारखी उरली. ज्यांना चाळीतही जागा मिळाली नाही, त्यांनी धारावीसारख्या खाजणावर स्वतःच्या हाताने वस्ती उभी केली. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि जिथे भोंगा होत होता तिथे टॉवर आले. बीडीडी चाळींचीही पुनर्बांधणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना उंच इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली. एकशे साठ फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला स्वतःचे न्हाणीघर मिळाले, या आनंदाला कोणी नाके मुरडू नयेत. गॅलरीच्या आठवणींचे कौतुक करणे, ज्याला त्या गॅलरीच्या टोकाच्या संडासासमोर रांग लावावी लागली नाही, त्यालाच सोपे असते.

तरीही टॉवरच्या मधोमध काय आहे, हे पाहावेच लागते. बहुधा तेथे वाहनतळ असतो, आणि लिफ्ट. लिफ्टमध्ये माणसे एकमेकांच्या जवळ उभी असतात आणि आकड्यांकडे पाहत असतात. जुन्या क्रुसाचेही हाल होतात. २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस पालिकेने पाडला, तेव्हा लोक हळहळले, निषेधही झाला. क्रूस कोणाच्या मालकीचा, जागा कोणाची, परवानगी कोणाची, असे प्रश्न निघाले. शंभर वर्षे जे सर्वांचे होते, त्याचा मालक कागदावर सापडत नाही, हीच सामाईक गोष्टींची शोकांतिका आहे. ती साऱ्यांची असते, म्हणून कठीण वेळी कोणाचीच नसते.

आणि आपण

हे सारे मुंबईचे झाले. वसईच्या वाचकाने ते का वाचावे? कारण वांद्र्याचे जे काल झाले, ते आपल्या दारात आज होत आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले, ते या भीतीनेच. त्यात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी, फुलवाले आणि शिक्षक एकत्र चालले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत या नव्या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. मुंबईत ज्यांना जागा उरली नाही, ते लोकलने आपल्याकडे आले. ते परके नाहीत, आपलीच पूर्वीची माणसे घाटावरून आणि कोकणातून मुंबईला जशी गेली, तसेच ते आले आहेत. त्यांनाही वस्ती हवी आहे, नुसती खोली नको.

आपल्या आळीच्या मधोमध काय होते, ते आठवून पाहावे. क्रूस होता, आणि बावखल होते. पावसाचे पाणी साठवणारे, रहाटाने वाडीला पाणी देणारे, म्हशी डुंबणारे आणि मुलांना पोहायला शिकवणारे ते तळे. बावखलाच्या काठी केळी, पानवेली आणि मोगरा वाढला. त्या फुलांच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरला गेल्या, त्यांतून मुलांची शिक्षणे झाली. आज किती बावखले भरावाखाली गेली, याचा हिशेब प्रत्येक गावाने स्वतःपुरता तरी करावा. सातबाऱ्यावर बावखलाचे क्षेत्र गुंठ्यांत लिहिलेले असते. पावसाळ्यात गावात पाणी शिरू नये म्हणून ते किती पाणी पोटात घेत होते, हे तिथे लिहिलेले नसते.

जुने सारे जसेच्या तसे राहावे, असे म्हणणे खुळेपणाचे होईल. छप्पर गळत असेल तर ते बदलावे, मुलगा मोठा झाला तर खोली वाढवावी, आणि ज्याला गरज आहे त्याने जमीन विकूही नये असे कोण म्हणेल? मुंबईच्या वस्त्यांचा इतिहास एवढेच शिकवतो, की घरे पुन्हा बांधता येतात, मधली जागा गेली की ती परत येत नाही. बुजवलेली विहीर पुन्हा खणलेली ऐकिवात नाही.

तेव्हा विकासाच्या करारावर सही करण्याआधी, किती चौरस फूट मिळणार हे विचारून झाल्यावर, आणखी एक प्रश्न विचारावा : मधोमध काय राहणार? आणि पुढच्या वेळी मुंबईला गेलो, तर दादर किंवा चर्चगेटपर्यंतच न जाता एकदा माझगावला उतरावे. माथारपाखाडीत वाट जिथे जरा रुंद होते, तिथे क्षणभर उभे राहावे. संध्याकाळी तिथल्या ओसरीवर कोणी आजी बसल्या असतील, तर त्यांच्याशी आपल्या मराठीत बोलावे. आधी त्या जरा दचकतील. मग कदाचित त्याही त्याच भाषेत उत्तर देतील.